आयर्लंडची बेटं: बोट सुटली नाही तर काय, हे आधी विचारा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याच्या टूरची माहितीपत्रकं पाहिलीत तर कडे, दगडी किल्ले, पफिन पक्षी, पबमधलं संगीत असं सगळं ठळक छापलेलं असतं. बोट सुटली नाही तर त्या दिवशी काय करणार, हे मात्र बारीक अक्षरांत तळाशी असतं, किंवा नसतंच. माझ्या मते टूर घ्यायची की नाही हे त्याच उत्तरावर ठरवावं. या किनाऱ्याच्या पश्चिमेला थेट उत्तर अमेरिकेपर्यंत जमीन नाही. इथे लख्ख ऊन असतं, वारा पडलेला असतो, आणि तरीही दूर समुद्रात दोन दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची लाट धक्क्यावर येऊन आदळत असते. अशा वेळी बोटवाला हात वर करतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

'वाइल्ड अटलांटिक वे' हे नाव सगळीकडे दिसेल. उत्तरेच्या डॉनिगॉल परगण्यापासून दक्षिणेच्या कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जाणारा हा सुमारे २,५०० किलोमीटरचा पर्यटनमार्ग २०१४ साली सुरू झाला. आठ दिवसांत तो 'पूर्ण' करून देतो म्हणणारी टूर म्हणजे आठ दिवस खिडकीतून समुद्र बघणं. आठवड्याभरात त्याचे दोन तुकडे नीट होतात: गॉलवे आणि क्लेअर, म्हणजे ॲरन बेटं, बरेनचा कातळ, मोहरचे कडे, आणि केरी, म्हणजे डिंगल द्वीपकल्प आणि स्केलिग बेट. डॉनिगॉल वेगळ्या फेरीसाठी ठेवा. त्याला अंतराखेरीज आणखी एक कारण आहे, ते व्हिसाचं.

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-स्वित्झर्लंडसाठी काढलेल्या व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त योजना २०१५ पासून आहे. तिच्याखाली दिलेल्या एकाच व्हिसावर दोन्ही देशांत फिरता येतं, पण त्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद हवी आणि पहिला प्रवेश ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात व्हायला हवा. हे घरी बसून वाचताना किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी: डब्लिनहून सुटणारी 'जायंट्स कॉजवे'ची (किनाऱ्यावरच्या षटकोनी दगडी खांबांची) एक दिवसाची टूर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत जाते. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही; रस्त्याकडेच्या पाट्यांवर वेगमर्यादा किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागली की समजायचं, आलो. चौकी नाही म्हणून परवानगी लागत नाही असं मात्र नाही. कागदपत्रं तपासली गेली आणि ब्रिटनचा व्हिसा नसला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, टूरवाल्याला नाही.

डॉनिगॉलचंही तेच. डब्लिनहून तिकडे जाणारे सरळ रस्ते ओमा किंवा एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधूनच जातात. बसही त्याच वाटेने. पूर्ण प्रवास आयर्लंडच्या हद्दीत हवा असेल तर स्लायगोवरून वर जायचं. टूर बुक करण्यापूर्वी बस कोणत्या रस्त्याने जाणार हे लेखी विचारून घ्या.

आता दिवस कोणते निवडायचे ते. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. ऑक्टोबरअखेर ॲरन बेटांकडे जाणाऱ्या डूलिन बंदराच्या बोटी बंद झालेल्या किंवा होत आलेल्या असतात, स्केलिगवर उतरणं बंद असतं, ग्रेट ब्लास्केट बेटाच्या फेऱ्या संपलेल्या असतात, आणि नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आत अंधार. उलट आपली उन्हाळ्याची सुट्टी इथल्या हंगामाशी छान जुळते. मे आणि जून हे आयर्लंडमधले सर्वांत जास्त उन्हाचे महिने. पफिन बिळांवर आलेले असतात, मेच्या मध्याला स्केलिग उघडतं, जूनअखेरीस पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि युरोपातल्या शाळांना अजून सुट्टी लागलेली नसते. ऑगस्ट उजाडला की पफिन समुद्रावर निघून जातात. त्यांच्यासाठी जाणार असाल तर जुलैच्या मध्यापलीकडे जाऊ नका.

डब्लिनहून एका दिवसात मोहरचे कडे दाखवणाऱ्या टूर सर्वांत जास्त खपतात. त्यांचा हिशेब मांडून पाहा. सकाळी सातच्या सुमारास निघायचं, संध्याकाळी साडेसात-आठला परत. एका बाजूला अडीचशे किलोमीटरहून जास्त. बारा-तेरा तासांतले सात तास बसमध्ये जातात आणि कड्यांवर मिळतात दीड-दोन तास, तेही ऐन दुपारी, जेव्हा डब्लिनच्या सगळ्याच बस तिथे लागलेल्या असतात. धुकं असलं तर दीड तास पांढरा पडदा. त्यापेक्षा डब्लिन विमानतळावरूनच गॉलवेची थेट बस पकडा (अडीच-तीन तास) आणि गॉलवेत निदान तीन रात्री काढा. तिथून कडे, बरेन, कॉनिमारा आणि ॲरन अशा चार दिशांना एकेका दिवसाच्या टूर निघतात, आणि हवा पाहून आदल्या संध्याकाळी त्यांची अदलाबदल करता येते. खरी सोय ही आहे.

मोहरचे कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर आणि लांबी सुमारे आठ किलोमीटर. तोंड पश्चिमेकडे असल्याने सकाळी कड्यांवर सावली असते, दुपार कलल्यावर ऊन पडतं. कड्यावरून जाणाऱ्या पायवाटेचे काही भाग २०२४ मध्ये अपघातांनंतर बंद केले गेले. फलक लावून बंद केलेला भाग बंदच समजा. तिथली कड खालून पोखरलेली असते आणि वरून गवत सपाट, भक्कम दिसतं. कडे समुद्रातूनही बघता येतात. डूलिनहून तासाभराची फेरी निघते, आणि खालून पाहिल्याशिवाय त्या उंचीचा अंदाज येत नाही. ब्रॅननमोर नावाचा सुटा सुळका ६७ मीटर उंच आहे. वरून तो खुंटीएवढा दिसतो.

समुद्राचा अंदाज स्वतः वाचायला शिका, अवघड नाही. मेट एरन ही आयर्लंडची हवामान संस्था. तिचा समुद्राचा अंदाज भूशिरांच्या जोड्यांमध्ये दिलेला असतो, उदाहरणार्थ 'स्लाइन हेड ते व्हॅलेन्शिया'. किनाऱ्याजवळ वारा ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या मापावर सहा किंवा त्याहून जास्त बळाचा होणार असेल तर लहान बोटींसाठी इशारा निघतो. पण वारा हा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग म्हणजे लांबून आलेली लाट. त्यासाठी खोल समुद्रात तरंगती मापनयंत्रं आहेत, एम-३, एम-४, एम-६ अशा नावांची, आणि त्यांचे आकडे कोणालाही पाहता येतात. नुसती लाटेची उंची बघून फसू नका. दोन लाटांमधले सेकंदही बघा. सहा सेकंदांनी येणारी दीड मीटरची लाट बोट हलवते, पोट ढवळते, पण बोट जाते. बारा-चौदा सेकंदांनी येणारी तीच दीड मीटरची लाट पाण्यावर दिसतसुद्धा नाही, मात्र कातळाला भिडली की धक्क्याच्या पायऱ्यांवर दोन-तीन मीटर चढते आणि तेवढीच खाली ओढून नेते. स्केलिगला उतरणं रद्द होतं ते बहुधा हिच्यामुळे. एम-६ सर्वांत दूर, पश्चिमेला. तिथे उसळलेली लांब लाट साधारण अर्ध्या दिवसात किनाऱ्याला लागते. म्हणजे संध्याकाळी तो आकडा पाहिला की सकाळचं बरंचसं कळतं.

ॲरनची तीन बेटं: इनिश मोर, इनिश मान, इनिश ओर. गॉलवेहून जायचं तर पश्चिमेला रॉसाव्हीलच्या धक्क्यावर पोचायचं, बसने तासभर; तिथून इनिश मोरला बोटीने चाळीस मिनिटं. उन्हाळ्यात गॉलवे शहराच्या गोदीतूनही बोट सुटते, तिला दीड तास लागतो. क्लेअरच्या बाजूने डूलिनहूनही बोटी आहेत, पण हंगामापुरत्याच. या सगळ्या माणसांच्या बोटी आहेत, भाड्याची गाडी त्यांवर चढवता येत नाही. इन्व्हरिनच्या छोट्या धावपट्टीवरून दहा मिनिटांत पोचवणारं विमानही आहे. ते इतकं लहान, की बॅगेसकट प्रवाशाचंही वजन करतात आणि कोणी कुठे बसायचं ते त्यावरून ठरवतात. बोट लागत असेल अशांनी एका बाजूने विमान घ्यावं. भाडं जास्त आहे, पण सबंध दिवस वाचतो. मोठी बॅग मात्र नेऊ नका.

डूलिनच्या धक्क्यावर एक नेहमीचा घोळ होतो. तिकिटांच्या खिडक्या शेजारी-शेजारी, बोटी एकाच धक्क्याला, पण एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बोटीत चालत नाही. परतीच्या वेळी रांगेत उभं राहून पुढे पोचल्यावर हे कळतं आणि तोवर आपली बोट सुटलेली असते. जाताना बोटीचं नाव आणि परतीची वेळ मोबाइलमध्ये टिपून घ्या. दुसरं, डूलिनहून निघालेली बोट बहुधा आधी इनिश ओरला लागते. इनिश मोरला जायचं असेल तर उठू नका. दोन्ही धक्क्यांवर सायकली आणि टांगे असतात, त्यामुळे चुकीच्या बेटावर उतरल्याचं लगेच लक्षात येत नाही.

इनिश मोरच्या किलरोनन धक्क्यावर बोट लागली की मिनीबसवाले, टांगेवाले आणि सायकलवाले ओळीने उभे असतात. घासाघीस इथे चालत नाही; मिनीबसचा दर माणशी ठरलेला, पंधरा-वीस युरोच्या घरात. गाडी भरली की सुटते. चढण्यापूर्वी चालकाला दोनच गोष्टी विचारा: डून एंगस या किल्ल्यापाशी किती वेळ थांबणार, आणि येताना कोणत्या रस्त्याने येणार. दीड तासाहून कमी म्हणाला तर पुढची गाडी बघा. किल्ल्याच्या पायथ्याच्या पर्यटक केंद्रापासून वर जायला सुमारे ९०० मीटर अंतराचा चढ आहे. सुरुवातीला वाट बरी, शेवटचा भाग ओबडधोबड कातळाचा. जायला वीस मिनिटं, यायला पंधरा, मग वर जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो. लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर तोही नाही.

डून एंगस हा अर्धवर्तुळाकार दगडी भिंतींचा किल्ला, सरळ कड्याच्या टोकावर. वस्तीच्या खुणा इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराच्या. बाहेरच्या भिंतीपुढे टोकदार दगड दाटीने उभे रोवलेले आहेत, चालून येणाऱ्या शत्रूचे पाय अडकावेत म्हणून. त्यातून जाणारी वाट सोडू नका, घोटा मुरगळायला एवढी सोयीची जागा दुसरी नाही. आत गेलात की समुद्राच्या बाजूला भिंतच नाही, कठडा नाही, दोरीसुद्धा नाही. खाली नव्वद-शंभर मीटर. वाकून बघायचं तर पोटावर झोपून, कडेपासून हातभर मागे. वाऱ्याचा झोत एकदम येतो आणि एकदम थांबतो. तो थांबतो तेव्हा त्याच्याकडे झुकून उभ्या राहिलेल्या माणसाचा तोल पुढे जातो. फोटोसाठी उभे राहणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

सायकल घेणार असाल तर खालचा, किनाऱ्याचा रस्ता धरा; सपाट आहे आणि वाटेत सील मासोळी खाऊन दगडांवर पसरलेले दिसतात. वरच्या रस्त्याला चढ फार. वारा बहुधा पश्चिमेचा, त्यामुळे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. किलरोननपासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत सात-आठ किलोमीटर. वारा जोरात असेल तर जाताना तासभर धरा. पॉल ना पेश्त नावाचा चौकोनी नैसर्गिक हौद सगळ्यांना बघायचा असतो; तिथे कोणतीही गाडी जात नाही. गोर्ट ना गापल वस्तीपासून कातळावरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. भरती आणि लाट दोन्ही असतील तेव्हा तिथला खालचा कातळ क्षणात पाण्याखाली जातो. मिनीबसच्या चालकाला विचारा, तो नको म्हणाला तर नको.

स्थानिक वाटाड्याचे पैसे वसूल होतात ते शेतांपाशी. हे बेट म्हणजे उघडा चुनखडक. मातीच नव्हती, ती केली. आधी खडकाच्या भेगा बारीक दगडांनी बुजवायच्या, वर किनाऱ्यावरून टोपल्यांनी वाहून आणलेली वाळू, त्यावर समुद्री शेवाळ, पुन्हा वाळू, पुन्हा शेवाळ. त्यात बटाटे. खडकावरून उचललेल्या दगडांचे बांध झाले. हे बांध एकपदरी आणि बिनचुन्याचे आहेत, दगडांमधून आरपार उजेड दिसतो. तो कच्चेपणा नव्हे. वारा त्या फटींतून निघून जातो म्हणून बांध उभा राहतो. गच्च रचलेला बांध पहिल्याच वादळात आडवा होईल. या शेतांना फाटकही नाही. बांधात एका जागी गोल, सुटे दगड रचलेले असतात. गाय आत न्यायची तर ते काढायचे, आणि गाय गेली की पुन्हा रचायचे. म्हणून बांधावर चढू नका. एक दगड निसटला की सबंध ओळ खाली येते, आणि ती कोणाला तरी पुन्हा लावावी लागते.

चालत फिरायचं असेल, मुलं बरोबर असतील, तर माझी पसंती इनिश ओरला. सगळ्यांत लहान, आणि अर्ध्या दिवसात सबंध पायाखाली घालता येतं. पूर्व किनाऱ्यावर 'प्लासी' हे मालवाहू जहाज गंजत पडलं आहे. मार्च १९६० मध्ये ते खडकावर चढलं आणि बेटावरच्या लोकांनी दोरावरच्या पाळण्यातून अकराही खलाशी सुखरूप काढले. इनिश मानवर सर्वांत कमी लोक जातात. तिथे बघायला कमी आहे, शांतता हवी असेल तरच जा.

केरीत गेलात की प्रश्न स्केलिग मायकेलचा. किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला २१८ मीटरचा सुळका, त्यावर ख्रिस्ती साधूंनी बिनचुन्याच्या दगडांत रचलेल्या मधमाश्यांच्या पोळ्यांच्या आकाराच्या खोल्या. १९९६ पासून जागतिक वारसा. दिवसाला १८० माणसंच उतरू देतात: परवानाधारक पंधरा बोटी, प्रत्येकीत बारा. एक मोठी तिकीट खिडकी नाही. प्रत्येक बोटवाल्याकडे वेगळं बुकिंग. जागा हिवाळ्यातच भरायला लागतात, आणि मेमध्ये जायचं ठरवून एप्रिलमध्ये फोन केला तर नाही हेच ऐकायची तयारी ठेवा. दर माणशी शंभर युरोंहून बराच वर.

इथे एक हिशेब नीट समजून घ्या. हवेमुळे फेरी रद्द झाली की पैसे परत मिळतात, पण दुसऱ्या दिवशीची जागा मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या बाराही जागा आधीच विकलेल्या असतात. म्हणून बोटी सुटतात त्या पोर्टमगी गावाच्या आसपास तीन रात्री राहा, बुकिंग पहिल्या दिवसाचं करा आणि रद्द झालं तर लगेच त्याच बोटवाल्याला सांगा की पुढचे दोन दिवस आम्ही इथेच आहोत, कोणी गळलं तर फोन करा. गळतात, टूरवर आलेल्यांना पुढच्या गावी जायचंच असतं. उतरण्याच्या फेरीखेरीज बेटाला नुसता वळसा घालून आणणाऱ्या बोटीही आहेत. उतरायचं नसल्याने त्या थोड्या खराब समुद्रातही जातात, दर निम्म्याच्या आसपास, आणि शेजारच्या लिटल स्केलिगवर गॅनेट पक्ष्यांच्या पस्तीस हजारांच्या आसपास जोड्या बसलेल्या जवळून दिसतात. वास आधी येतो, पक्षी नंतर दिसतात.

खरी कसोटी उतरताना असते. बोट पायऱ्यांपाशी येते, पण बांधत नाहीत. चालक इंजिनावर तिला कातळाजवळ धरून ठेवतो. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते, पायरी स्थिर. पाऊल टाकायचं ते बोट सर्वांत वर आली असताना, क्षणभर थबकते तेव्हा. खाली जात असताना टाकलं तर पायरी छातीशी येते. बॅग पाठीवर, दोन्ही हात मोकळे, मोबाइल खिशात चेन लावून. खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वर हात पकडायचा. ओला पंजा सुटतो. उडी मारायची नाही. तो 'आता' म्हणेपर्यंत हलायचं नाही, आणि म्हणाल्यावर विचार करायचा नाही.

वर ६१८ पायऱ्या. सह्याद्रीत गड चढणाऱ्या माणसाला आकडा काहीच वाटणार नाही. पण या पायऱ्या उंचीला सारख्या नाहीत, बहुतेक ठिकाणी हाताला आधार नाही, पावसात दगड बुळबुळीत होतो आणि एका बाजूला सरळ समुद्र. २००९ मध्ये इथे दोन पर्यटक पडून मेले. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. भीती वाटली तर खुशाल बसून, एकेक पायरी सरकत उतरा, कोणी हसत नाही. बेटावर स्वच्छतागृह नाही, पिण्याचं पाणी नाही, आडोसा नाही. निघण्यापूर्वी पोर्टमगीत सगळं उरकून घ्या, कारण जाणं-येणं आणि वरचे अडीच तास धरून पाच तास होतात. सकाळचा तळकट आयरिश नाश्ता त्या दिवशी टाळा. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. आलेपाकाची वडी जवळ असू द्या. बसायचं तर मागच्या बाजूला, उघड्यावर, आणि नजर क्षितिजावर.

समुद्राने नाहीच म्हटलं, तर पुलाची बेटं आहेत. पोर्टमगीसमोरचं व्हॅलेन्शिया पुलाने जोडलेलं आहे, शिवाय रीनार्ड पॉइंटहून पाच मिनिटांची गाड्यांची फेरीही हंगामात चालते. अटलांटिकखालची पहिली तार १८५८ मध्ये इथूनच न्यूफाउंडलंडला गेली. ती काही आठवड्यांतच निकामी झाली, टिकाऊ तार १८६६ ची. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर खडकात सुमारे साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पाद प्राण्याच्या पावलांचे ठसे आहेत. वरवर पाहिलं तर नुसते खळगे दिसतात, उन्ह तिरकं असताना पाहा. मेयो परगण्यातलं आकिल बेटही पुलाचं. कॉनिमारातलं ओमी ओहोटीला वाळूवरून चालत गाठता येतं, वाट खांबांनी दाखवलेली आहे. पण भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा, पाणी चढायला लागल्यावर निघालात तर पुढची ओहोटी येईपर्यंत बेटावर मुक्काम.

डिंगलच्या टोकाला ग्रेट ब्लास्केट. १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारने उरलेली २२ माणसं हलवली, तेव्हापासून तिथे गाव नाही, पडकी घरं आहेत. धड धक्का नसल्याने मोठ्या बोटीतून छोट्या रबरी होडीत आणि तिथून निसरड्या उतरणीवर असं दोन टप्प्यांत उतरावं लागतं. तिकडच्या बोटी सुटतात तो डनक्विनचा धक्का म्हणजे नागमोडी, खूप तीव्र उताराची वाट. गुडघे दुखणाऱ्यांनी डिंगलहून सुटणारी बोट घ्यावी. बोट रद्द झाली तर डनक्विनलाच ब्लास्केट केंद्र आहे, आणि ते खरोखर चांगलं आहे.

गाडी किती मोठी, हे टूर घेताना विचारा. पन्नास सीटची बस स्केलिग रिंगच्या अरुंद रस्त्यावर जातच नाही. सोळा सीटची जाते. 'रिंग ऑफ केरी' या केरीतल्या गोल फेरीच्या रस्त्यावर मोठ्या बस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, डिंगलच्या स्ले हेड रस्त्यावर घड्याळाच्या दिशेने. स्वतः चालवत असाल तर स्ले हेडला तरी उलट जाऊ नका, समोरून बस आली की मागे घेत जावं लागतं. गाडी डावीकडूनच चालते, ती सवय आपल्याला आहेच. अरुंद ग्रामीण रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० ची ६० झाली. चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे आणि दिवसाचे तासही मोजलेले असतात. 'जरा त्या गावावरून घ्या ना' याला तो नाही म्हणतो तेव्हा तो आडमुठेपणा नसतो. आयरिश भाषिक पट्ट्यात पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. स्वच्छतागृहावर 'एफ'ने सुरू होणारी पाटी पुरुषांची आणि 'एम'ने सुरू होणारी बायकांची. इंग्रजीच्या सवयीने नेमकं उलट वाटतं.

छत्री घरी ठेवा. पाऊस इथे आडवा येतो. टोपीचं जलरोधक जाकीट, आत एकावर एक पातळ कपडे, पकड असलेले बूट. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही.

शाकाहारी माणसाचे बेटांवर हाल होत नाहीत, पण पर्याय थोडे. भाज्यांचं सूप आणि सोडा घालून केलेला ब्राऊन ब्रेड सगळीकडे मिळतो. सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते विचारा, विचारल्यावर खरं सांगतात. 'चाउडर' म्हणजे मासे. पबचं स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होतं, नंतर फक्त पेयं आणि वेफर्स. घरगुती निवासात नाश्त्याचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

घरून नेताना चिवडा, भाकरवडी, साधे खाखरे चालतात. पेढे, बर्फी, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, मांसाचेही. आणि मेमध्ये जाणाऱ्यांनी हापूसची पेटी बरोबर घेऊ नये. ताजी फळं आणि कढीपत्त्यासारखा पाला रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय आत नेता येत नाही. या नियमातून पाचच फळं सुटली आहेत: केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ.